ड्राय कॅबिनेट: एक पूर्ण पावसाळा वापरल्यानंतर

आतली हवा विजेवर कोरडी ठेवणारे हे कपाट कॅमेरे ठेवण्यासाठी विकले जाते. त्याचे लिटरमधले माप, काचेचे दार आणि कुलूप यांची माहिती विक्रीच्या पानावर सगळ्यांनी वाचलेली असते, म्हणून ती पुन्हा देत नाही. मी ते वेंगुर्ल्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एलपी, कॅसेट आणि जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) तबकड्यांसाठी वापरत आहे. उन्हाळाभर मी ज्याला त्याला याची शिफारस करीत होतो. जुलैत ती बंद केली. आता पुन्हा करतो, पण अटी घालून.

जुलैत दर्शनी पट्टीवर आर्द्रता ४५ टक्के दिसत होती, आणि त्याच वेळी दशावताराच्या एका कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेला पीठ सांडावे तसे पांढरे ठिपके दिसू लागले. बुरशी साधारणपणे ६५-७० टक्क्यांच्या वर धरते, तेव्हा एक तर बुरशी खोटी किंवा आकडा खोटा. बुरशी बोटाला लागत होती.

आकडा पडताळण्याची रीत सोपी आहे आणि प्रत्येकाने ती करावी. पाचशे रुपयांच्या आतला आर्द्रतामापक घ्यावा, बाटलीच्या झाकणात मीठ घालून ते चिखलाइतपत ओले करावे, आणि दोन्ही घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवावे. आत ७५ टक्के आर्द्रता स्थिर होते; मापक जितका वरखाली दाखवील तितकी त्याची चूक. मीठ मात्र पुडीतले शुद्ध घ्यावे, कारण शिरोड्याच्या मिठागरातले खडे मीठ जेवणात कितीही सरस असले तरी त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे इथे आकडा खाली येतो. माझा मापक ७८ दाखवीत होता. तो कपाटात ठेवल्यावर ७१ वाचला, म्हणजे खरी आर्द्रता ६८, आणि शेजारची निळी पट्टी शांतपणे ४५! पाठीमागचा लहान पंखा खाऱ्या हवेने गंजून केव्हाच थांबलेला होता. यंत्र बंद पडते हे मी समजू शकतो; बंद पडूनही सर्व ठीक असल्याचे सांगत राहते, हे मला अजून सहन होत नाही.

सेवा केंद्राचे लेखी उत्तर असे आले की आर्द्रतेमुळे झालेला बिघाड हमीत बसत नाही. आर्द्रता काढण्यासाठीच विकलेल्या यंत्राबद्दल हे उत्तर आहे. शिवाय कपाट मुंबईला पाठवण्याचा जाण्यायेण्याचा खर्च माझा. तेवढ्या भाड्यात तीन जुन्या एलपी आल्या असत्या, आणि मी हिशेब त्याच चलनात करतो. शेवटी गावातल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी संगणकातला १२ व्होल्टचा पंखा बसवून दिला आणि जाळीला ग्रीस लावण्याऐवजी ती महिन्यातून एकदा पुसायला सांगितली. तेव्हापासून माझा मापक ४८ ते ५२ च्या मध्ये आहे. दर्शनी पट्टीवर मी कागद चिकटवला आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल विक्रेता काहीच सांगत नाही तिच्याबद्दल. कपाट घेताना घरी शब्द दिला होता की यात मावेल तेवढाच संग्रह ठेवीन. पूर्वी खरेदीला पावसाळाच आवर घालत असे: कव्हरे फुगणार, लाखेच्या तबकड्यांना बुरशी येणार, मग कशाला घ्या. कपाटाने ती भीती काढून घेतली. गणपतीला आलेले चाकरमानी माळे रिकामे करतात आणि "घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल" म्हणतात, तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे कारणच उरले नाही. एकाच गायिकेचा एकच राग माझ्याकडे ७८ वर, एलपीवर आणि कॅसेटवर आहे, आणि यातले एक पुरे असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. ७८ च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत, त्यात तिने सगळा राग आटवला. एलपीवर वीसेक मिनिटे मिळाल्यावर तीच बाई आलापीत रमते. दोन्ही ठेवायलाच हवीत. कॅसेटचे समर्थन मी अजून शोधतो आहे.

जागेची अडचण खरी आहे. एलपीचे कव्हर ३१ सेंटिमीटरहून थोडे मोठे असते, आणि तबकड्या आडव्या रचल्या तर वाकतात, म्हणून मधला कप्पा काढूनच त्या उभ्या राहतात. काढलेला कप्पा हल्ली कपाटावर उताणा ठेवलेला असतो आणि त्यातही कॅसेट साठल्या आहेत, अर्थातच दमट हवेत.

वीज बिल जाणवण्याइतके येत नाही. मात्र माझे कपाट पेल्टिअर जातीचे आहे: थंड पत्र्यावर बाष्प धरून ते बाहेर टाकणारे. पावसात वीज गेली की पत्र्यावरचे पाणी आतल्या आत पुन्हा हवेत मिसळते आणि आकडा चढू लागतो. जिथे वीज वारंवार जाते तिथे शोषक पदार्थावर चालणारे कपाट घ्यावे, ते महाग असले तरी. वीज नसतानाही ते थोडेफार बाष्प धरून ठेवते. पाच-पंचवीस कॅसेटच असतील तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरेसे आहे, जेल तापवून पुन्हा वापरता येते.

पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा त्या फ्रिजवाल्यांचा. दुसरे कपाट शोषक जातीचे आणि मोठ्या मापाचे घेण्याचा विचार आहे, तेव्हा किनाऱ्यावर कोणी ते दोन पावसाळे चालवले असल्यास त्यातली एलपी कप्पा न काढता उभी राहते का, एवढे कळवावे.