पाटी खरी, ट्रॅक्टर दुसराच : जुना इंटरनॅशनल घेताना मी कसा फसलो

जुने ट्रॅक्टर आणून नीट करायचा नाद ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. लांबलंय, पण पूर्ण वाचा, कारण मला ज्या पद्धतीनं गंडवलं ती पद्धत एकदम साधी आहे आणि तोच माणूस आज दुसऱ्या कुणाला तरी फोन करत असणार.

आमच्या आजोबांनी १९६९ साली इंटरनॅशनल बी-२७५ घेतला होता, भूविकास बँकेचं कर्ज काढून. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव, गावातला तो दुसरा ट्रॅक्टर. त्या काळात पैसे हातात असले तरी नंबर लावून थांबायला लागायचं. महिंद्रा आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ ला कंपनी काढली आणि १९६५ पासून कांदिवलीतून हा लाल ट्रॅक्टर बाहेर पडायला लागला, चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर, आठ पुढचे आणि दोन मागचे गिअर. थंडीत आधी हीटर तापवून घ्यायचा, मग सेल मारायचा. लहानपणी मला त्या आवाजानंच जाग यायची. १९९८ ला ताईच्या लग्नासाठी वडिलांनी तो विकला आणि पुढं कुठं गेला पत्ता लागला नाही, मी खूप शोधला.

मी यात नवखा नाही. एचएमटीचा २५११ दोन वर्षं खपून उभा केलाय, आमचे मिस्त्री चाचा आणि मी, क्रँक ग्राइंड करण्यापासून पत्रा ठोकण्यापर्यंत सगळं. त्यामुळं मला कोण फसवणार असं मनात होतं, आणि घरच्यांनाही तसंच वाटत होतं.

गेल्या दिवाळीनंतर मोबाईलवर जुन्या बी-२७५ ची एक जाहिरात दिसली, सोलापूर जिल्ह्यातली. फोन केला. माणूस बोलायला एकदम गोड, "दादा, ट्रॅक्टर मिळतील हो, पण तुम्हाला नक्की कुठल्या सालचा पाहिजे, आणि कशासाठी?" असं विचारलं. आणि मी सगळं सांगितलं. आजोबा, १९६९, ताईचं लग्न, सगळं. माझी चूक इथंच झाली. जाहिरातीतला ट्रॅक्टर म्हणे गेला होता आधीच. चार दिवसांनी त्याचाच फोन आला, "दादा तुमचं नशीब बघा, एका म्हाताऱ्या मालकाकडं १९६९ चाच निघाला, ओरिजिनल पाटी, ओरिजिनल आरसी बुक, एमएच यायच्या आधीचा जुना नंबर." पाटी म्हणजे कंपनीनं ट्रॅक्टरवर रिबेटनं बसवलेली नंबराची पत्र्याची पट्टी, तिचा फोटो पाठवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी २५,००० टोकन पाठवून दिलं.

बघायला गेलो तर ट्रॅक्टर एका गोठ्यापुढं उभा. चाचांना ताप होता म्हणून एकटाच गेलो, तेही चुकलं. पाटीवरचा नंबर आणि बुकातला नंबर तंतोतंत एक. त्यानं सेल मारला, पहिल्या झटक्यात चालू. धूर नाही, ऑइल प्रेशरचा काटा मस्त वर. मी बॉनेटला हात लावला तर कोमट लागलं, विचारलं, तर म्हणाला आत्ताच शेण भरलेली ट्रॉली ओढून आणली. मला ते पटलं. चुकून पटलं असं आता म्हणतो, कारण आसपास ट्रॉली कुठंच नव्हती आणि हे मी डोळ्यांनी बघत होतो, तरी पटवून घेतलं. जुनं इंजिन थंड असताना पहिल्यांदा कसं उठतं, किती सेल घेतं, पहिला धूर पांढरा निळा का काळा, यातच त्याची निम्मी तब्येत कळते, आणि ती वेळ त्यानं मी यायच्या आधीच उरकून टाकली होती.

सौदा १,९०,००० ला झाला. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी, मालकी बदलायला लागणारे, मूळ मालकाच्या सह्या असलेले फॉर्म २९ आणि ३०, आणि मालक आजारी आहेत म्हणून येऊ शकत नाहीत असं सांगितलं. उरलेले पैसे तिथंच दिले. टेम्पोला १४,००० वेगळे.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी चाचा आले. त्यांनी चालू करायच्या आधी डिपस्टिक काढली आणि ऑइल दोन बोटांत धरून बोटं लांब केली. तार निघाली. चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, "बेटा, हे इंजिनाचं ऑइल नाही, यात गिअरचं नव्वद नंबर मिसळलंय." जाड ऑइल घातलं की झिजलेल्या बेअरिंगवरसुद्धा प्रेशर दिसतं आणि रिंगांतून येणारा धूर दबतो, चारपाच तास निभतं तेवढं. मग रेडिएटरचा खालचा नळ सोडला. पाणी पिवळंधमक. मी वाकून वास घेतला तर हळद. चमच्यानं नाही, मुठीनं टाकली असणार, नळाच्या तोंडाशी गाळ साचून पाणी थांबत होतं आणि चाचा तारेनं टोकरत होते. रेडिएटर गळत असला की हळद टाकून तात्पुरतं बंद करतात हे ड्रायव्हर लोकांना माहीत असतं, पण इथं रेडिएटर नाही, इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडाच, तडकलेला होता. रॉकेलनं धुऊन घेतल्यावर बाजूला वीतभर लांब रेघ दिसली, वरून एम-सील भरून लाल रंग मारलेला. गरम इंजिनात गार पाणी ओतलं की असं होतं, चाचांनी बघताक्षणी सांगितलं.

तरीपण मी म्हणलं ठीक आहे, ब्लॉक दुसरा शोधू, ट्रॅक्टर तरी १९६९ चा आहे ना. माझा जीव त्या सालात अडकला होता.

तो जीव मोकळा झाला पाटी साफ करताना. मऊ ब्रशनं कडा घासत होतो तर लक्षात आलं की रिबेटं नवीन आहेत, आजकाल पत्र्याच्या कामाला बंदुकीनं मारतात तसली, मधी भोक असलेली. कंपनीतनं आलेल्या पाटीला तसली रिबेटं कुठनं येणार. आणि पाटीच्या खाली लाल रंगाचे दोन थर गेले होते, वरचा ताजा. म्हणजे आधी ट्रॅक्टर रंगवला आणि मग पाटी बसवली. पाटी काढली तर मागं जुनी भोकं, वेगळ्या अंतरावर, पुटीनं बुजवलेली. तिथनं शंका आली म्हणून इंजिन नंबरच्या जागेवर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, आरटीओत चेसिसची प्रिंट घेतात तशी. आकडे उमटले पण त्यांच्या खाली ग्राइंडरच्या आडव्या रेघा पण उमटल्या. नुसत्या डोळ्यांना रंगामुळं काही दिसत नव्हतं, कागदावर मात्र स्पष्ट. तुम्ही कुठलाही जुना ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा खिशात कागद, पेन्सिल आणि एक लोहचुंबक ठेवा, मडगार्डवर चुंबक फिरवला की पुटी कुठं भरलीय तेही कळतं. मी हे सगळं नेहमी न्यायचो. त्या दिवशी गाडीतनं काढलंच नाही.

आरटीओचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला बुक दाखवलं. तो म्हणाला एवढ्या जुन्या नंबरचं रेकॉर्ड ऑनलाईन असेलच असं नाही, बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनं रेकॉर्ड नव्यानं कॉम्प्युटरवर चढवायला लागेल, त्याला गाडी आणि मालक दोन्ही समोर लागतील. म्हणून मग बुकावरचा पत्ता घेऊन सरळ त्या गावाला गेलो.

घर सापडलं. मूळ मालक वारून नऊ वर्षं झालेली. म्हणजे माझ्या हातातल्या फॉर्मवर ज्याची सही होती तो माणूस हयातच नव्हता. मालक वारलेला असेल तर वारसाच्या नावानं फॉर्म ३१ लागतो, तो भरायचा प्रश्नच आला नव्हता, कारण वारसांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचे चिरंजीव साठीच्या पुढचे, त्यांनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि आत जाऊन एक फोटो आणला. पाडव्याचा असावा, बॉनेटला हार, स्टेअरिंगवर त्यांचे वडील फेटा बांधून बसलेले. म्हणाले, "तुमची पाटी या ट्रॅक्टरची आहे. हा आम्ही भंगारात दिला, बुकासकट. बुक परत जमा करायला लागतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." भंगारवाल्याकडनं पाटी आणि बुक फिरत फिरत या माणसाकडं आलं, आणि कुणीतरी फोनवर स्वतःहून "मला १९६९ चा पाहिजे" असं सांगेपर्यंत त्यानं ते सांभाळून ठेवलं. अशी अजून किती बुकं त्याच्या कपाटात असतील याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

आता माझ्या शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर नेमका कुणाचा हे मला माहीत नाही. चोरीचा असू शकतो, कर्ज थकलेल्या कुणाचा ओढून आणलेला असू शकतो. म्हणून त्याला हात लावणं बंद केलंय, तेव्हापासून एक नटसुद्धा खोलला नाही. पोलिसांत लेखी तक्रार दिली, नोटरीचा कागद, टोकनचा बँकेचा मेसेज, पेन्सिलची प्रिंट, सगळ्याच्या प्रती जोडल्या आणि पोच घेतली. पहिल्यांदा हे देण्याघेण्याचं दिवाणी प्रकरण आहे असं ऐकायला मिळालं, पण मयत माणसाची सही आणि घासलेला नंबर दाखवल्यावर घेतलं ऐकून. त्या माणसाचा फोन बंद लागतो. गोठा भाड्याचा होता. रोख दिलेले पैसे परत मिळतील असं मी आता धरून चालत नाही, पण तक्रार मागं घेणार नाही.

कुणाला असा फोन आला तर साल सांगू नका, आजोबांचं सांगू नका, काहीच सांगू नका. त्यालाच बोलू दे. आणि बुकावरच्या पत्त्यावर पैसे द्यायच्या आधी जा, मी नंतर गेलो.

त्या दिवशी मूळ मालकाच्या घरातनं निघताना त्या चिरंजीवांनी दारापर्यंत येऊन विचारलं, "पाटी तुमच्या काही कामाची नाही आता, आम्हाला द्याल का? आबांच्या फोटोखाली लावली असती." मी म्हणलं तपास होईस्तोवर मला ती ठेवायलाच लागेल. पाटी कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीय. पोलिसांनी सोडली की मी स्वतः नेऊन देणार आहे.