फ्रेंच नेत्याची कारकीर्द तपासायची तर: 'सिकोमोर' आणि गृहमंत्रालयाची नोंदवही

दोन्ही सेवा सरकारी, फुकट आणि फ्रेंचमध्ये. 'सिकोमोर' हा नॅशनल असेंब्लीचा, म्हणजे फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा माहितीसाठा. त्यात १७८९पासूनचे खासदार सापडतात. दुसरी आहे गृहमंत्रालयाची लोकप्रतिनिधींची राष्ट्रीय नोंदवही.

नॅशनल असेंब्लीपुरतं सिकोमोर उत्तम. फक्त तारखा जपून वाचाव्या लागतात. माजी पंतप्रधान एदुआर फिलिप जून २०१२मध्ये निवडून आले, पण त्यांची खासदारकी मार्चपासूनच सुरू होते. ही चूक नाही. फ्रान्समध्ये उमेदवारासोबत त्याचा 'स्युप्लेआं', म्हणजे पर्यायी सदस्यही निवडला जातो. फिलिप हे खासदार झां-इव्ह बेसला यांचे पर्यायी सदस्य होते; बेसला वारले आणि पोटनिवडणूक न होता ती जागा फिलिप यांच्याकडे आली. २०१० ते २०१७ ते ल हाव्र शहराचे मेअरही होते. दोन पदांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या पाहून गोंधळू नका. खासदाराने मेअरपद सांभाळण्यावरची बंदी २०१४च्या कायद्याने आली आणि लागू झाली २०१७पासून.

'मेअर'चं भाषांतर महापौर करून पुढे गेलात तर मात्र सगळंच चुकेल. आपल्याकडे महापालिकेचा कारभार आयुक्तांच्या हातात असतो, फ्रान्समध्ये तो मेअरच चालवतो. म्हणून तर माजी पंतप्रधानालाही ते पद हवंसं वाटतं.

स्थानिक पदांसाठी नोंदवही लागतेच. प्रत्येक पदाची फाइल वेगळी, त्यामुळे एकाच माणसाला तीन-चार फायलींत शोधावं लागतं. सदस्यत्वाची तारीख आणि पदाची तारीख असे दोन रकाने आहेत, ही तिची सर्वांत मोलाची गोष्ट. २८ जून २०२०ला ल हाव्रच्या मतदारांनी नगरपरिषद निवडली. परिषदेने फिलिप यांना मेअर केलं ५ जुलैला, पंतप्रधानपद सोडल्यावर दोनच दिवसांनी.

फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. विभागाचा (आपल्या जिल्ह्यासारखा फ्रेंच प्रशासकीय भाग) क्रमांक ०१ असेल तर त्याचा नुसता १ होतो आणि फ्रेंच अक्षरांवरची चिन्हं बिघडू शकतात. आधी कोरी शीट घ्या, मजकूर म्हणून आयात करा, अक्षरांची संकेतपद्धती म्हणून यूटीएफ-८ निवडा आणि क्रमांकाचे रकाने 'टेक्स्ट' ठेवा. कॉर्सिका बेटावरच्या विभागांचे '२ए', '२बी' हे क्रमांकही मग जागेवर राहतात.

नोंदवहीची खरी उणीव मोठी आहे: तिच्यात फक्त सध्याचे पदाधिकारी असतात. पद गेलं की पुढच्या आवृत्तीतून नावही जातं. तेव्हा उतरवलेली प्रत्येक फाइल नावात तारीख घालून जपून ठेवा.