गालिच्याखाली काय होतं

१९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूप, म्हणजे दोन दारांची जुनी गाडी, मी पेन्सिल्वेनियातल्या एका माणसाकडून १८,५०० डॉलरला घेतली आणि सरळ सरळ फसलो. काकांचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पत्रा ठोकल्याचे आवाज ऐकतच मोठा झालो, त्यामुळे हे लिहिताना जरा जास्तच लाज वाटतेय.

गाडी 'चॅनल केलेली' होती. जुन्या फोर्डची बॉडी चॅसीवर, म्हणजे चाकांच्या लोखंडी सांगाड्यावर, वरून ठेवलेली असते. हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलून घेणारे हौशी, बॉडीचा तळ कापतात, बॉडी चॅसीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवतात आणि फ्लोअर वरच्या पातळीला नव्याने वेल्ड करतात. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर शर्यती लावणाऱ्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हे खूप केलं. गाडी बुटकी झाली की वारा कमी अडतो. माझी चार इंच उतरवलेली. आत बसलं की पाय समोर लांब पसरावे लागतात आणि डोकं छताला टेकतं, पण दिसायला काय देखणी!

गोम अशी की बॉडीची सगळी ताकद खालच्या चौकटीत असते. ती कापली की तशीच भक्कम नवी बांधावी लागते, आणि ते काम बाहेरून दिसत नाही. विक्रेत्याने कामाचे फोटो दाखवले: सुबक वेल्डिंग, नवी चौकट, सगळं मापात. 'खालून बघू का?' विचारलं तर म्हणाला, जॅक शेजाऱ्याने नेलाय. बाहेर पाऊस होता, मी चार तास गाडी हाकून आलो होतो. आत कोरा करकरीत गालिचा, खाली काळं अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखायला तळाला फासतात तो जाड थर. तेव्हाच खटकायला हवं होतं. नव्वद वर्षांच्या गाडीचा तळ इतका काळाभोर कशाला?

तिसऱ्या दिवशी रेल्वे फाटकावर दणका बसला आणि ड्रायव्हरकडचं दार आपोआप उघडलं. नंतर ते लागेचना.

लिफ्टवर घेतल्यावर मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर टोचला, तो लांबीत, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीत, मुठीपर्यंत गेला. चौकट कापलेली, नवी घातलेलीच नाही. पातळ पत्र्याला वीतभर अंतराने एकेक टाका. उजव्या बाजूला तर रस्त्यावरच्या पाटीचा हिरवा ॲल्युमिनियमचा तुकडा. तो लोखंडाला वेल्ड होत नाही, म्हणून रिव्हेट मारलेले. त्यावरची पांढरी अक्षरं अजून वाचता येत होती. आणि माझ्या सीटबेल्टचा बोल्ट? त्याच तुकड्यात.

घरी येऊन फोटो पुन्हा पाहिले. मॉडेल एची पेट्रोलची टाकी पुढच्या काचेच्या खाली, बॉडीतच असते आणि तिचं झाकण काचेसमोर दिसतं. माझ्या गाडीला ते आहे. फोटोतल्या बॉडीला नव्हतंच. ती गाडीच वेगळी!

विक्रेत्याला फोन केला तर त्याने पावतीवरचे शब्द वाचून दाखवले: 'आहे त्या स्थितीत'. खाली माझी सही. वकिलाने खर्चाचा अंदाज सांगितला आणि मी गप्प बसलो. चांगल्या कामाची बतावणी त्याने सगळी फोनवर केली होती, लेखी एक ओळ नाही.

चॅनल केलेली गाडी घेणार असाल तर गालिचा उचला, लोहचुंबक न्या, दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का बघा. लिफ्टवर चढवू देत नसेल तर परत फिरा, पाऊस असो की चार तासांचा रस्ता.

बॉडी आता माझ्या गॅरेजमध्ये साखळीला टांगलेली आहे. गेल्या आठवड्यात त्याच माणसाने आणखी एक कूप विकायला काढली. फोटो तेच आहेत.