पॅरामेशियम की क्लॅमिडोमोनास? कॅल्शियमवर डिझर्टेशन करणाऱ्यांसाठी

'दृश्यकेंद्रकी पेशींत कॅल्शियमचे संकेत आले कुठून' असा विषय एम.एस्सी.ला घेतला, की गोव्यातल्या साध्या लॅबमध्ये चर्चा फिरून फिरून दोनच नावांवर येते: पॅरामेशियम हा सिलिएट (अंगभर केसांसारख्या सिलिया हलवत पोहणारा जीव) आणि क्लॅमिडोमोनास हे दोन शेपट्यांचं हिरवं शैवाल. दोन्ही एकपेशीय, दोन्ही फुकटात मिळण्यासारखे. पेशीच्या आत कॅल्शियम 100 नॅनोमोलरच्या आसपास, समुद्रात 10 मिलिमोलर, आणि फॉस्फेटबरोबर त्याचा साका बसू नये म्हणून पेशी तो सतत बाहेर उपसते, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. दोघांपैकी कुणीही आपला पूर्वज नाही, हेही. प्रश्न एवढाच की इतक्या दूरच्या दोन शाखांत एकच यंत्रणा सापडली, तर ती फाटा फुटण्याआधीची असावी का.

कागदावर क्लॅमिडोमोनास सरळसरळ पुढे आहे. त्याचा जीनोम 2007 साली आला, जनुकं साधारण 15,000. पेशी एकगुणित असल्यामुळे जनुक बिघडलं की परिणाम लगेच दिसतो. शिवाय जमिनीवरच्या वनस्पतींनी गमावलेल्या दोन गोष्टी, आयपी-थ्री रिसेप्टर (पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणारं प्रथिन) आणि चार भागांची व्होल्टेजवर चालणारी कॅल्शियम वाहिनी (आवरणातून कॅल्शियम आत सोडणारं प्रथिन), याच्याकडे अजून आहेत. कुणाकडे काय होतं आणि कुणी काय टाकलं, हे मांडायला इतकं सोयीचं उदाहरण क्वचितच मिळेल.

पॅरामेशियमचा जीनोम 2006चा, आणि त्यात जनुकं जवळजवळ 40,000. अख्खा जीनोमच पुन्हा पुन्हा दुप्पट झाल्याचा हा परिणाम. एका वाहिनीचा वंशवृक्ष काढायला बसलात की तिच्या सख्ख्या-चुलत बहिणी रांगेने हजर होतात. त्यात भर म्हणजे एरवी 'प्रथिन इथे संपलं' असं सांगणारे यूएए आणि यूएजी हे जनुकीय संकेत इथे थांबे नाहीत, ते ग्लुटामिन हे अमिनो आम्ल देतात. जनुकाचा क्रम प्रथिनात वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सिलिएटचा कोड निवडायला विसरलात तर प्रथिन जागोजागी तुटलेलं दिसेल.

इतकं असून मी पॅरामेशियम घेतला. कारण दिवा.

क्लॅमिडोमोनासवर अचानक प्रखर प्रकाश पडला की फ्लॅजेलामध्ये, म्हणजे पोहायच्या शेपट्यांत, कॅल्शियम शिरतं, ठोक्यांची पद्धत बदलते आणि पेशी क्षणभर उलटी पोहते. मला नेमकं हेच बघायचं होतं. पण मायक्रोस्कोपमध्ये बघायचं तर दिवा लागतो, आणि दिवा हेच तर उत्तेजन! फोकस जुळेपर्यंत खेळ आटोपलेला, कारण सगळा प्रकार अर्ध्या सेकंदाचा. दिव्यावर लाल जिलेटीन कागद लावला, खोलीत अंधार केला, मोबाइल आयपीसला टेकवून चित्रण केलं. हाती आलं ते थरथरणाऱ्या हिरव्या ठिपक्यांचं चित्रण, त्यातला कुठला मागे गेला आणि कुठला नुसताच वळला हे मला कधीच खात्रीने सांगता आलं नाही. तुमच्या विभागात हाय-स्पीड कॅमेरा आणि फेज कॉन्ट्रास्ट मोकळा मिळत असेल तर ही तक्रार तुमच्या लेखी शून्य, आणि मग माझं बोलणं अर्धं सोडून द्या.

पॅरामेशियमला पोटॅशियम क्लोराइड घातलं की दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली सगळे एकदम मागे निघतात, आणि द्रावण जमून आलं तर अर्धा-पाऊण मिनिट मागेच जातात. साधं स्टॉपवॉच पुरतं. द्रावणातलं कॅल्शियम ईजीटीएने (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) बांधून टाकलं तर हे मागे जाणं होत नाही. म्हणजे नियंत्रणाचा प्रयोगही त्याच दुपारी उरकतो. नाइतो आणि कानेको या संशोधकांनी 1972 साली डिटर्जंटने आवरण सच्छिद्र केलेल्या पेशींत दाखवलं, की आतलं कॅल्शियम साधारण 1 मायक्रोमोलरच्या वर गेलं की सिलिया उलट मारतात. चिंग कुंग या संशोधकाचं 'पॉन' उत्परिवर्ती (जनुक बिघडलेलं पॅरामेशियम) तर मला फारच आवडतं: बुद्धिबळातल्या प्याद्यासारखं, मागे जाताच येत नाही. सिलिया काढून टाकल्या की कॅल्शियमचा विद्युतप्रवाहही जातो, म्हणजे वाहिन्या सिलियावरच. क्लॅमिडोमोनासमध्येही तशीच वाहिनी फ्लॅजेलावर आहे. विषयाचा गाभा माझ्या मते इथे आहे, आणि तो पॅरामेशियमकडून सुरू केला तर डोळ्यांना दिसतो.

जोपासनेत दोघेही त्रास देतात. पॅरामेशियम वाढवायच्या भाताच्या पेंढ्याच्या उकळलेल्या पाण्याला जो वास सुटतो त्यावरून लॅबमध्ये बोलणी खाल, आणि रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) शिरले की कल्चर संपलंच. क्लॅमिडोमोनासच्या अॅसिटेटवाल्या माध्यमावर आमच्या जून-जुलैत बुरशी चढते. इथे मी दोघांना सारखेच गुण देईन.

पॅरामेशियम घेणार असाल तर पाण्याकडे लक्ष द्या. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक मृदू, त्यात कॅल्शियम कमी. प्रतिसाद पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या परस्पर प्रमाणावर ठरतो, त्यामुळे फोंड्याच्या विहिरीतलं कल्चर आणि नळाच्या पाण्यातलं कल्चर यांचे सेकंद मला कधी जुळले नाहीत. चाचणीआधी पेशी अर्धा तास तरी ठरलेल्या द्रावणात ठेवा. वंशवृक्ष काढताना मात्र क्लॅमिडोमोनासचे क्रम सोबत घ्याच. त्यासाठी तो लॅबमध्ये वाढवायची गरज नाही.