सबस्टॉर-पोटॅटो: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बटाट्याच्या उत्पादनाचा अंदाज हवामान आणि वाणाचे गुणधर्म यांवरून बांधण्यासाठी मी गेले आठ महिने डीएसएसएटी या शेतीविषयक संगणकप्रणालीतील सबस्टॉर-पोटॅटो हे पीक प्रारूप, म्हणजे पिकाची वाढ गणिताने मांडणारा कार्यक्रम, वापरत आहे. प्रणाली मोफत मिळते आणि चालवायलाही फारशी अवघड नाही; कस लागतो तो तिला पुरवायची माहिती गोळा करताना.

रोजचे कमाल व किमान तापमान, पाऊस आणि सौर किरणोत्सर्ग (सूर्यप्रकाशातून येणारी ऊर्जा) एवढे हवामान तिला हवेच असते. किरणोत्सर्ग मोजायचे उपकरण माझ्याकडे नसल्यामुळे सुरुवातीला मी उपग्रहाधारित जागतिक माहिती वापरली. त्यातला किरणोत्सर्ग कामचलाऊ निघाला, पण तापमान विस्तीर्ण चौकटीची सरासरी असल्याने सखल शेतातली थंड रात्र त्यात दिसतच नव्हती. बटाट्याच्या बाबतीत ही चूक महागात पडते, कारण कंदधारणेला, म्हणजे कंद धरू लागण्याला, रात्रीचा गारवा पोषक असतो. म्हणून तापमान मी शेतातल्याच नोंदींचे घेतले.

वाणाची ओळख हे प्रारूप पाच गुणांकांतून करून घेते: पर्णक्षेत्र वाढण्याचा वेग, कंदवाढीचा कमाल वेग, कंद धरल्यावर पाल्याची वाढ कितपत आवरते, दिवसाच्या लांबीबद्दलची संवेदनशीलता आणि ज्याच्या वर कंदधारणा रेंगाळते ते तापमान. माझ्या वाणाचे गुणांक तयार नव्हते, म्हणून प्रणालीत आधीपासून असलेल्या रसेट बरबँक या अमेरिकी वाणाचे गुणांक घेऊन पाहिले. उत्पादनाचा आलेला आकडा वरवर पटण्यासारखा होता. कंदधारणेची तारीख मात्र शेताशी अजिबात जुळत नव्हती. उत्पादन जुळले म्हणून तिथेच थांबलो असतो, तर पुढच्या लागवडीला सगळा अंदाज कोसळला असता.

मग उगवणीनंतर दर आठवड्याला चार झाडे मुळासकट उपटायची, माती धुऊन जमिनीखालच्या पांढऱ्या फुटव्यांची टोके पाहायची, असा क्रम ठेवला. टोकाची जाडी फुटव्याच्या दुप्पट झाली की कंद धरला, असे मानून तारीख लिहायची. सुरुवातीला टोक आकड्यासारखे वाकलेले असते, मग तेच गोल होऊ लागते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की नोंद चुकत नाही. या तारखांवरून तापमानाचा आणि दिवसाच्या लांबीचा गुणांक हळूहळू बदलत नेला, तेव्हा अंदाज आणि शेत जवळ आले. आठ महिन्यांतले सर्वांत मोलाचे काम मी हेच मानतो.

नव्या वापरकर्त्याने एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी: प्रारूप कंदांचा हिशेब शुष्क वजनात, म्हणजे पाणी वगळून, करते. ओल्या बटाट्यात शुष्क पदार्थ साधारण पंचमांश असतो, तोही वाणागणिक बदलतो. पहिल्या तुलनेत मी शुष्क आकडा ओल्या वजनापुढे ठेवला आणि दोन दिवस गुणांकांतच चूक शोधत बसलो.

आकडा ताडून पाहण्यासाठी एक सोपे गणित मी नेहमी हाताशी ठेवतो. पाल्याने हंगामभरात प्रति चौरस मीटर ६०० मेगाज्यूल (ऊर्जेचे एकक) इतका प्रकाशसंश्लेषणाला उपयुक्त प्रकाश अडवला आणि प्रत्येक मेगाज्यूलमागे २.५ ग्रॅम शुष्क पदार्थ तयार झाला, तर एकूण १,५०० ग्रॅम होतात. त्यातले ८० टक्के कंदांत गेले तर १,२०० ग्रॅम, म्हणजे ओल्या वजनात ६ किलो, हेक्टरी ६० टन. ही पाणी, खत, रोग यांपैकी कशाचीही अडचण नसतानाची मर्यादा झाली. प्रारूपाचे उत्तर तिच्या पलीकडे गेले, तर माहितीत कुठेतरी खोट आहे असे समजून शोध घ्यावा.

उणिवा आहेतच. कडक उन्हाळी तापमानात अंदाज सर्वांत जास्त भरकटतो, आणि अशा आठवड्यांनंतरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. करपा तर हिशेबातच नाही. पाला अवेळी जळाला की अडवलेला प्रकाशच घटतो, आणि ते प्रारूपाला आपणहून कळत नाही. पाणी आणि नत्राचा परिणाम मात्र ते समाधानकारक दाखवते, अर्थात मातीच्या थरांची माहिती खरी असेल तर.

काढणीपूर्वी केवळ ढोबळ आकडा हवा असेल, त्याला वरचे प्रकाशाचे गणित पुरेल. लागवड पंधरा दिवस पुढे ढकलली तर काय होईल, किंवा दोन वाणांपैकी उष्ण हंगामात कोणता टिकेल, असे प्रश्न ज्याला पडतात आणि दर आठवड्याला झाडे उपटून पाहण्याची ज्याची तयारी आहे, त्याने हे प्रारूप जरूर वापरावे. माझ्या दुसऱ्या वाणाचा दिवसाच्या लांबीचा गुणांक अजून पक्का झालेला नाही. त्यासाठी येत्या लागवडीत दोन वेगळ्या तारखांचे वाफे राखून ठेवले आहेत.