एलिसचा क्लॅम फुटला: दुरुस्त करावा की बदलावा?

लोटस एलिस या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला पुढून धक्का बसला की पहिली अडचण अशी, की तिथे सुटा बंपर किंवा सुटं मडगार्ड नसतं. नाक आणि दोन्ही मडगार्डं मिळून फायबरचा एकच अखंड तुकडा असतो, त्याला क्लॅम म्हणतात. मागेही तसाच एक. म्हणून कोपऱ्याला वीतभर भेग गेली तरी "पूर्ण पार्टच बदला" असा सल्ला मिळतो. मला तो बहुतेक वेळा पटत नाही. गाडीचा मूळ क्लॅम त्याच चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, बसवून जुळवलेला असतो. तो वाचण्यासारखा असेल तर वाचवावा.

पण हे ठरवायच्या आधी क्लॅमच्या आत काय झालंय ते बघा. १९९६ पासूनच्या या गाड्यांचा चॅसी अॅल्युमिनियमच्या एक्सट्रूजन्सचा (साच्यातून दाबून काढलेल्या लांब तुकड्यांचा), इपॉक्सी या घट्ट डिंकाने चिकटवलेला आहे. तो ठोकून किंवा वेल्डिंग करून सरळ करायचा नसतो, उष्णतेने जोडच कमकुवत होतात. पुढे रेडिएटरपाशी धक्का झेलणारा जो भाग असतो, तोही फायबरचाच. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो आणि आत हा भाग तडकलेला असतो. तसं असेल तर क्लॅमचा प्रश्न दुय्यम. आधी तो भाग, आणि चॅसीचं माप.

आत सगळं ठीक असेल तर क्लॅम मागच्या बाजूने तपासा. पत्रा वाकला की पोचा दिसतो. फायबर मात्र वाकून परत जागेवर येतं, आणि बाहेर जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा तेवढ्या उरतात. मागून टॉर्च मारली की मार बसलेली जागा पांढरट दिसते. नाण्याने टकटक करत जा: धड भाग खणखणीत वाजतो, थर सुटलेला भाग बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने रेघ मारा. नुकसान खरं किती पसरलंय ते या रेघेवरून कळतं, समोरच्या भेगेवरून नाही.

मार क्लॅमच्या मधल्या भागावर असेल, कडा शाबूत असतील आणि मागून हात पोचत असेल, तर दुरुस्तीच करावी. चांगलं काम म्हणजे पुट्टी भरणं नव्हे. भेगेच्या दोन्ही अंगांनी फायबर उतरतं घासायचं, जाडीच्या साधारण बारापट रुंद. म्हणजे २ मिलिमीटर जाडीला दोन-अडीच सेंटिमीटर. मग मागून मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चटई) आणि रेझिन (तंतूंना धरून कडक होणारं रसायन) यांचे थर, एकेक थर आधीपेक्षा थोडा मोठा. पॉलिएस्टर रेझिन चालतं, पण जुन्या पृष्ठभागाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. इपॉक्सी वापरलं तर मॅटऐवजी विणलेलं कापड घ्या. साध्या मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. मागचा आधार न देता भेगा वरून बुजवल्या तर त्या रंगातून पुन्हा वर येतात. वर्कशॉप निवडताना एवढंच विचारा: "मागून थर देणार का?" उत्तर गुळमुळीत असेल तर गाडी तिथे ठेवू नका.

बोल्ट जिथे बसतात त्या कडा फुटल्या असतील, किंवा थर बऱ्याच जागी सुटले असतील, तर बदलणं बरं. कंपनीचा नवा क्लॅम मिळाला तर उत्तम. पण एलिसचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं, तेव्हा आधी मिळतोय का याची खात्री करा आणि मगच जुना टाका. बाहेरच्या मोल्डरचा क्लॅम घेतलात तर दाराची आणि हेडलाइटची फट जुळवण्यात बराच वेळ जातो, कधी भोकंही स्वतः पाडावी लागतात. रंग देण्याआधी तो एकदा गाडीवर सुका बसवून बघायलाच हवा.

तिसरा मार्ग फारसा कोणी सुचवत नाही, पण एकच कोपरा चक्काचूर झाला असेल तर मला तोच सगळ्यांत आवडतो. जुन्या, दुसरीकडे फुटलेल्या क्लॅमचा धड कोपरा कापून आणायचा आणि आपल्या क्लॅमला वर सांगितल्यासारखा जोडायचा. आकार मूळ साच्यातलाच मिळतो आणि बाकीच्या फटी हलत नाहीत. जोड सपाट भागात न घेता वळणावर किंवा घडीत घ्यावा, म्हणजे रंगाखाली रेघ उमटली तरी डोळ्यांत येत नाही.

रंगाच्या खर्चावरून मात्र निवड करू नका. क्लॅम अखंड असल्यामुळे दुरुस्तीतही क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) बहुतेकदा पूर्ण क्लॅमवरच मारावा लागतो. रेझिन कडक झाल्यावरही काही दिवस आकसत राहतं. घाईत रंग मारला तर उन्हात जोडाची कड दिसायला लागते, गडद रंगावर तर फारच. प्रायमरनंतर गाडी काही दिवस तशीच ठेवायला पेंटर तयार आहे का, ते काम देण्याआधीच ठरवून घ्या.