वृद्धांच्या घरातील कुत्र्यासाठी घरपोच देखभाल सेवा : सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

वडिलांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला, त्यानंतर घरातील नऊ वर्षांच्या मोतीचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या औषधोपचाराइतकाच अवघड होऊन बसला. वडिलांची शुश्रूषा आई करते, आणि कुत्र्याला दोन वेळा फिरवण्याचे कामही आपोआप तिच्याच गळ्यात पडले. मोतीला दुसऱ्या घरी देऊन टाका, असे अनेकांनी सुचवले. ते न ऐकता आम्ही घरी येऊन प्राण्यांची देखभाल करणारी एक सेवा घेतली.

फिरवणे, नखे कापणे, जंतनाशक औषधाच्या आणि रेबीजच्या लसीच्या तारखा सांभाळणे ही कामे ते नेमाने करतात. त्याबद्दल तक्रार नाही.

मोतीला घरी ठेवायचे, तर त्याच्या दोन्ही बाजू पाहायला हव्यात. प्राणी पाळल्याने आयुष्य वाढते, असे सांगताना ज्याचा हमखास दाखला दिला जातो, तो अभ्यास अमेरिकेत 1980 साली प्रसिद्ध झाला. हृदयविकारातून सावरलेल्या 92 रुग्णांपैकी प्राणी पाळणारे 53 होते व त्यांतील 3 जण वर्षभरात दगावले. न पाळणाऱ्या 39 जणांपैकी मात्र 11 दगावले. आकडे लक्षवेधी असले तरी गट लहान आहे, आणि ज्यांच्या अंगात मुळात हिंडण्याफिरण्याचे बळ असते तेच प्राणी पाळतात, ही शक्यताही उरतेच. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2013 च्या निवेदनात कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध मान्य केला, परंतु केवळ त्या हेतूने प्राणी घरी आणू नये, असेही बजावले. दुसरी बाजू पडझडीची आहे. 2001 ते 2006 या काळात अमेरिकेत कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी झालेल्यांची संख्या वर्षाला सरासरी 86 हजारांहून अधिक होती. कुत्र्याने साखळीला हिसडा दिला की धडधाकट माणसाचाही तोल जातो, मग आईच्या मनात भीती बसली तर नवल नाही. आम्ही सेवा घेतली ती मुख्यतः या भीतीपोटी.

खरी अडचण मात्र सेवा नको तितकी चोख असल्यामुळे उद्भवली. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी मोतीचे सगळेच काम उचलले : पाण्याचे भांडे भरणे, अंग विंचरणे, इतकेच काय, दाराशी जाऊन साखळी अडकवणेही. आईची धावपळ थांबली खरी, पण वडील दिवसभर खुर्चीतून उठेनासे झाले. झटक्यानंतर व्यायामासाठी त्यांची मनधरणी करावी लागे. मोतीचे पाणी भरायला मात्र ते न सांगता उठत असत. तेवढे निमित्तही आम्ही पैसे मोजून काढून घेतले होते!

हे लक्षात आल्यावर आम्ही कामाची वाटणी नव्याने केली. ओढ लागणारे, वाकावे लागणारे काम सेवकाने करायचे. ब्रश फिरवणे आणि पाणी भरणे वडिलांकडे. संध्याकाळच्या फेरीत साखळी सेवकाच्या हाती असते व वडील काठी घेऊन फाटकापर्यंत सोबत जातात. सेवेने हा बदल विनातक्रार स्वीकारला, ही मोठी जमेची बाजू. त्या अर्ध्या तासात आई काहीच करत नाही, नुसती बसते. तिच्या दृष्टीने हाच या सेवेचा सर्वांत मोठा लाभ आहे.

उणिवाही आहेत. माणूस न कळवता बदलला जातो, आणि अनोळखी चेहरा पाहून मोती भुंकतो, वडील अस्वस्थ होतात. फेरीचे निरोप फक्त माझ्या मोबाईलवर येतात, जणू ज्यांचा कुत्रा आहे त्यांना काही कळण्याची गरजच नाही. घरचे कोणी रुग्णालयात दाखल झाल्यास प्राण्याला तात्पुरते सांभाळण्याची सोयही ते तोंडी सांगतात. ती कागदावर लिहून घ्यायला मला तीन वेळा आठवण करावी लागली.

पाचपैकी साडेतीन गुण. मुदत आणखी सहा महिने वाढवली आहे, मात्र नेमून दिलेला माणूस बदलायचा असल्यास आदल्या दिवशी आईला दूरध्वनी करावा, या अटीवर.